दुधीची गोड आमटी

दोन दिवसांसाठी गडहिंग्लजहून आलेले नवऱ्याचे मामा अठरा दिवस झाले तरी अनुजाच्या घरून हलेनात. रोज सकाळी चहा पिता पिताच विचारायचे, "आज रस्सा कशाचा?"

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडं अनुजाला पाककृतींचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात दुधीच्या गोड आमटीशेजारी कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'तिखट चटणी अजिबात घालायची न्हाय. पावणं दुसऱ्या दिवशी जात्यात.'

अनुजानं त्याच दुपारी आमटी केली, वर गुळाचा एक खडा जास्तच टाकला. पहिल्या घासालाच मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि पहिली एसटी गाठली. अनुजानं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं.

संध्याकाळी गावाहून मामींचा फोन आला. "अनुजा, काय गं खायला घातलंस त्यास्नी? एवढ्यात कसं परत आलं?"

अनुजाला खोटं बोलवेना. "दुधीची गोड आमटी केली होती, मामी."

मामी फोनवरच किंचाळल्या.



"घात केलास की गं! तीच आमटी घालून मी त्यास्नी तुझ्याकडं पिटाळलंतं!"