शिरसमाळचं रिक्त पद

"सायेब, आवाज वाढवा की जरा," धुळा म्हणाला, आणि इंद्रजीतनं टेबलावरचा रिमोट शोधायला भलताच वेळ लावला.

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमदार सोनालीताईंचं संपर्क कार्यालय होतं. टीव्हीवर विधानसभेचं कामकाज चालू होतं आणि ताई कुठल्याही क्षणी बोलायला उभ्या राहणार होत्या. धुळा पहाटेच्या एसटीनं शिरसमाळहून आला होता, तो एवढ्यासाठीच. विषय त्याचाच होता. म्हातारे चन्नप्पा डॉक्टर निवृत्त झाले तेव्हापासून गावच्या जनावरांच्या दवाखान्याला कुलूप होतं. पावसाळ्यात धुळाची निम्मी मेंढरं गेली आणि उरलेली आता खोकत होती.

त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, सरळ सांगून टाकलं होतं. आजही डॉक्टरचं काही ठरलं नाही तर येत्या बाजारात सगळा कळप विकायचा आणि पोराला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात धाडायचं. बाई एकदा बोलली की बोलली. धुळाचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. ती विकल्यावर सकाळी उठून जायचं कुठं?

ताई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या, पण सभागृहात नवख्यासारख्या वागत नव्हत्या. पाणीटंचाईवर बोलल्या तेव्हा पेपरवाल्यांनी फोटोसकट छापलं. यंत्रमागाच्या वीजदरावर बोलल्या तेव्हा समोरच्या बाकांवरूनही दाद आली. ही भाषणं लिहायचा इंद्रजीत, ताईंचा पीए. आमदारांना सरकारी नोकरीतला माणूस पीए म्हणून घेता येतो. कुणाच्या वाट्याला नुसता सही-शिक्क्याचा माणूस येतो, ताईंच्या वाट्याला हा आला. त्याच्या लिखाणात आकडे असायचे, चिमटे असायचे आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारं एखादं वाक्यही असायचं.

धुळाच्या विषयाला मात्र मुहूर्त लागत नव्हता. दर अधिवेशनाआधी तो यायचा. इंद्रजीत त्याला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा आणि समजूत घालायचा. एका गावचा दवाखाना म्हणजे फार लहान विषय, सभागृहात राज्याचं बोलावं लागतं, त्यापेक्षा रस्ता मागा, लगेच होईल. धुळाला रस्ता नको होता. मेंढरं माळावरून चालतात, त्यांना डांबर काय करायचंय?

तसा माणूस वाईट नव्हता. मागे एकदा दोन मेंढ्या चालता चालता थरथरून पडल्या आणि मेल्या, असं धुळानं सांगितलं. इंद्रजीतनं कागदावरची मान वर न करता विचारलं, कोवळी ज्वारी खाल्ली होती का. खाल्लीच होती. हा नक्की धनगराच्या घरचा असणार, असं धुळानं तेव्हापासून मनाशी धरलं होतं. आपल्याच माणसानं आपला विषय मागे ठेवावा, याचं म्हणूनच त्याला जास्त वाईट वाटायचं.

शेवटी बिरोबाच्या जत्रेत त्यानं ताईंनाच गाठलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शब्द दिला. पशुसंवर्धन खात्यातल्या रिक्त पदांवर कुणाचा तरी प्रश्न येतोय, त्यात मी उठून तुमच्या दवाखान्याचं विचारते, म्हणाल्या. त्याला भाषण लागत नाही, कागदही लागत नाही.

ही गोष्ट इंद्रजीतला कळली ती आज सकाळी, धुळाच्या तोंडून. तेव्हापासून तो ताईंना फोन लावत सुटला होता. ताईंचा फोन बंद. "कागदाशिवाय त्या कधी बोललेल्या नाहीत हो," एवढंच तो म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम बघून धुळाला त्याची दयाच आली. मालकिणीची एवढी काळजी करणारी माणसं हल्ली कुठं असतात?

खोलीत मौलाही बसला होता. त्याचा चादरींचा कारखाना होता आणि वीजदराच्या भाषणापासून तो ताईंचा भक्त झाला होता. इंद्रजीत उठून दाराकडे निघाला तसा मौला म्हणाला, "कुठं निघालात? ताई उठल्या बघा."

ताई खरंच उभ्या राहिल्या होत्या. आवाज पहिल्या वाक्याला जरा कापला, मग लागला.

"अध्यक्ष महोदय, माझ्या शिरसमाळच्या दवाखान्याला कुलूप आहे. मेंढपाळ आजारी जनावर घेऊन येतो, कुलूप बघतो आणि घरी जाऊन ते पुरतो. मंत्रिमहोदयांनी हे रिक्त पद कधी भरणार ते सांगावं. तारीख मिळाल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

बाकं वाजली. आपल्या गावाचं नाव मुंबईत घेतलेलं धुळा पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. आता डॉक्टर येणार, कळप राहणार.

"सायेब, तुमी उगाच घाबरत हुता," तो डोळे पुसत म्हणाला. "न लिवताबी लई ब्येस बोलल्या की."

इंद्रजीत दारातच उभा होता. त्याला बाहेरही जाववेना आणि आतही येववेना.

मंत्री उठले. मागे बसलेल्या अधिकाऱ्यानं पुढे केलेला कागद त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग फार गोड आवाजात त्यांनी नव्या सदस्यांच्या तळमळीचं कौतुक केलं.

"पण अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "शिरसमाळचं पद रिक्त नाहीच. तिथं पशुवैद्यकीय अधिकारी नेमलेले आहेत, त्यांचा पगारही चालू आहे. सन्माननीय सदस्यांनी निवडून आल्यावर त्यांना स्वतः मागून घेतलं, आणि डॉक्टर इंद्रजीत तेव्हापासून त्यांच्याच सोलापूरच्या कार्यालयात स्वीय सहायक म्हणून काम करताहेत."