विवाहित असल्यास

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना वांडा एका साध्या प्रश्नापाशी अडली. “वांडाबाई, विवाहित ना तुम्ही?” शेजारी बसलेल्या विमा एजंट मॉलीने विचारलं. “कागदावर तरी.” नवरा डेल्बर्ट अकरा वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला होता, घटस्फोट कुणीच मागितला नव्हता. “हप्त्यातल्या सरकारी सवलतीसाठी दोघांना कर एकत्र भरावा लागेल,” मॉली म्हणाली. “नवरा बेपत्ता असला किंवा छळ करत असला, तरच ही अट माफ.” “बेपत्ता कसला, दर रविवारी येऊन माझ्या छपराची पन्हळ साफ करतो.” “मग ते तुमचे कोण?” वांडाने मोबाइल पुढ्यात ओढला. पुढच्या महिन्यात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. सवलतीशिवाय विमा परवडणारा नव्हता. तिने फोन लावला. “डेल्बर्ट, करापुरता माझा नवरा होशील?” तिकडून त्याने विचारलं, “कधी नव्हतो मी?” फोन कानालाच धरून वांडा मॉलीकडे वळली. “‘हो’ लिही, पोरी. अर्थ नंतर लावते.”