बाहेरचा खेळाडू

वाचनाची चाचणी घ्यायला आलेल्या आसावरीनं यादीतलं पाचवं नाव पुकारलं, "अपेक्षा", आणि एक मुलगा उभा राहिला.

वर्गात कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. वर्गशिक्षिका उमाबाई खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं तशा तिकडेच बघत राहिल्या.

"तुझं नाव अपेक्षा?"

"नाय. मी विपुल. अपेक्षाच्या जागी हाय," मुलगा खरं ते सांगून मोकळा झाला.

दारात चांगो उभे होते, शाळा समितीचे अध्यक्ष आणि अपेक्षाचे आजोबा. "माझ्या बहिणीचा नातू हाय मॅडम, रसायनीचा. हा पन चौथीतच हाय, वर्गात पयला. आमची पोर वाचायला जरा हळू. मंग म्हटलं, पाच देशांचा सामना हाय, गावाचं नाव कशाला घालवा?"

चांगोंचं फार चुकलं असंही म्हणवत नाही. पोशीरच्या पलीकडची ही एवढीशी वाडी, पण तिची क्रिकेटची टीम त्यांनी तीस वर्षं सांभाळली होती. फायनलला बाहेरचा बॉलर आणणं याला ते हुशारी म्हणत. कुंभिवलीचा एक डावखुरा तर त्यांनी तीन हंगाम सख्खा भाचा म्हणून खेळवला होता. पाच देशांतली चौथीची मुलं कशी वाचतात त्याचा अभ्यास करायचा आहे, असं पत्र शाळेत आलं, तेव्हा चांगोंना त्यात पाच संघ दिसले आणि ते कामाला लागले.

"काका, यात कोणी जिंकत नाही," आसावरी म्हणाली. ती कर्जतचीच, म्हणून तिला राग येण्याआधी हसू आलं. "इथली मुलं कशी वाचतात तेवढं कळायला हवंय. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढली. अपेक्षाचं नाव निघालं, तर अपेक्षाच बसायला हवी."

"नंबर नाय लागत?"

"तुमच्या शाळेचा नाही."

"मंग एवढ्या लांबून पेपर कशाला आणला?"

आसावरीनं समजावायला सुरुवात केली. नमुना, प्रातिनिधिक, तुलना असे शब्द तिच्या तोंडून येत गेले आणि चांगो प्रत्येक शब्दाला मान हलवत गेले. शेतकी अधिकारी बोलतो तेव्हाही ते अशीच मान हलवतात आणि मग बियाणं आपल्याला हवं तेच पेरतात.

तेवढ्यात ताटं किती मांडायची ते विचारायला धोंडूबाई आल्या. शाळेची खिचडी त्याच करतात. हातात डाव होता. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं.

"चांगोभाऊ, भात शिजला का नाय ते बघायला मी शीत माझ्याच टोपातलं चेपते. शेजारणीच्या टोपातलं नाय चेपत."

धोंडूबाईंनी डाव दुसऱ्या हातात घेतला.

"शेजारणीचा शिजला असंल झकास. पन आमच्या पोरांना खायचा हाय तो आमचा. कच्चा हाय तर कच्चा कळू दे की, म्हंजे जाळ वाढवता येतो."

आता मात्र चांगोंना कळलं. त्यांचा जन्म भातात गेला होता. त्यांनी विपुलला हातानंच खूण केली, आणि तोही खूश होऊन दाराकडे निघाला. खिचडीत वाटाणे आहेत का, एवढंच त्यानं विचारलं.

"अपेक्षा कुठंय?" आसावरीनं विचारलं.

"माझ्याकडं. नवी रिबन लावून वाटाणे सोलते," धोंडूबाई म्हणाल्या. "सकाळपासनं एक शब्द बोलली नाय."

अपेक्षा आली ती हात फ्रॉकला पुसतच. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचं तिला सुचलंही नाही. कुठल्या यादीत तिचं नाव येण्याची ही पहिलीच वेळ होती. स्नेहसंमेलनात ती दर वर्षी पडदा ओढते.

पेपरातली गोष्ट बर्फातून टपाल नेणाऱ्या माणसाची होती. बर्फ पडताना कोणी पाहिलेला नव्हता, पण टपालवाला सगळ्यांच्या ओळखीचा होता. अपेक्षा ओळीखाली बोट धरून वाचत होती. वेळ संपला तेव्हा तिचे शेवटचे दोन प्रश्न राहिले होते. आसावरीनं ते तसेच राहू दिले.

नंतर एक पान घरच्या माहितीचं होतं. त्याला वेळेचं बंधन नव्हतं. बाकीच्यांनी ते भराभरा भरलं आणि ताटं गाठली. वर्गात अपेक्षा एकटी उरली, आणि समोर आसावरी.

"मॅडम, इथं विचारलंय, वाचताना अडलं तर घरी कोण मदत करतं. मदत करणाऱ्याला वाचता येत नसलं तर चालंल?"

"म्हणजे कसं?"

"आजोबांना नाय येत वाचायला. पन माझं वाचून होईपर्यंत ते माझ्याजवळनं उठत नायत. जेवायलापन नाय उठत."

"चालेल," आसावरी म्हणाली. "लिही."

अपेक्षानं खाली मान घालून लिहायला घेतलं. एकेक अक्षर, सावकाश.

खिडकीखालच्या ओट्यावर चांगो बसले होते. खिडकी उघडीच होती. धोंडूबाई त्यांच्यासाठी खिचडीचं ताट घेऊन आल्या.

"घ्या भाऊ. निवायला लागली."

चांगोंनी ताटाला हात लावला नाही.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "आमचं अजून वाचून व्हायचंय."