रद्दीतले फोटो

भालचंद्रराव जाऊन आठ दिवस झाले होते. तेराव्याच्या अल्बमसाठी स्टुडिओतल्या हेरंबने त्यांच्या डोळ्यातून काढून ठेवलेल्या चिपमधल्या कच्च्या फायली उतरवून घेतल्या. चाळीस वर्षांत नजर जिथे जिथे थबकली, तिथला फोटो चिपमध्ये होता. प्रोग्रामने चेहऱ्यांप्रमाणे फोल्डर लावले. मित्रांचे हजारो, बायकोचे सदतीस.

"वाटलंच मला," सुलभाताई म्हणाल्या. "माझ्याकडे बघायला वेळ कुठे होता त्यांना!"

हेरंब ओशाळला. मग त्याला आठवलं, चेहरा न दिसणारे फोटो प्रोग्राम रद्दीत टाकतो. त्याने रद्दी उघडली. ओट्यापाशी, दोरीवर कपडे वाळत घालताना, खिडकीत वाचताना, अकरा हजार फोटोंत एकच पाठमोरी बाई.

सुलभाताई एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या.

"अंबाड्याची पिन रोज वाकडीच की हो माझी," त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं!"