मुकं रीळ

ओठ काही केल्या जुळत नव्हते. पडद्यावरचे ओठ त्यांचेच होते आणि माइकसमोरचेही त्यांचेच, पण मध्ये सेहेचाळीस वर्षं गेली होती.

"सर, अर्धा सेकंद उशीर होतोय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाई म्हणाली. "घाई नाही. पुन्हा घेऊ."

कुठल्याशा गोदामात एका जुन्या चित्रपटाची पेटी सापडली होती. चित्र शाबूत होतं, पण चौथ्या रिळाचा आवाज पार गेला होता. नायक गेला, नायिका गेली, दिग्दर्शक तर कधीच गेला. त्यांची वाक्यं नकलाकारांनी म्हटली होती. त्या रिळातला जिवंत माणूस एकच उरला होता, तो म्हणजे इन्स्पेक्टर.

खऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. एकशे चौदा चित्रपटांत त्यांनी वर्दी चढवली होती. कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा त्यांना इन्स्पेक्टरसाहेब म्हणायचा आणि चौकातला खराखुरा पोलीस हसत हसत सलाम ठोकायचा. मारामारी संपली, खलनायक अर्धमेला झाला, की जीपमधून उतरायचं आणि म्हणायचं, "घेऊन चला याला." सगळं उरकल्यावर पोचणं हाच त्यांचा धंदा. त्यावर घर झालं, लेक शिकली. तक्रार करायला जागा नव्हती.

बायको गेली त्या दिवशीही ते सेटवर होते. दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती. लेक बाहेरच्या बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चौथ्या दिवशी ते पुन्हा कामावर गेले. भेटायला आलेल्यांना म्हणायचे, "वय झालं होतं. सुटली बिचारी." वाक्य स्वच्छ यायचं, एकदाही अडखळायचं नाही. लोक जाताना म्हणायचे, काय खंबीर माणूस आहे! खंबीर कसला? दात काढताना इंजेक्शन देतात ना, मग जीभ लावून बघितली तरी गाल आपला वाटत नाही. त्यांचं सगळं अंगच तसं झालं होतं.

या गोष्टीला दोन महिने झाले. तेव्हापासून लेक त्यांच्याकडेच राहत होती. तिचं घर, नवरा, नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, तरी ती हलली नव्हती. गोळ्या द्यायची, जेवायला वाढायची, गाडीतून न्यायची-आणायची. बोलणं मात्र 'दार लावलं का' आणि 'पाणी आलं का' एवढंच. आजही ती त्यांच्या मागच्या खुर्चीत गप्प बसली होती.

पाचव्यांदा दृश्य सुरू झालं. न्यायालयाच्या पायऱ्या. बेड्या घातलेला नायक. मागे बघ्यांची गर्दी. पुढे छाती काढून उभा असलेला तरुण इन्स्पेक्टर. त्याचं वाक्य होतं, "चला, गाडी उभी आहे."

मागची खुर्ची करकरली.

"थांबवा जरा," लेक म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "बाबा, तुमच्या खांद्यामागे बघा. ती आई आहे."

चित्र थांबलं. गर्दीच्या पहिल्या रांगेत, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर, बावीस वर्षांची ती उभी होती. लग्नाआधी ती चित्रपटांत गर्दीत उभी राहायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या चित्रपटांत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

रेकॉर्डिस्टनं चित्र हळू चालवलं. ती किंचित पुढे वाकली. त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. एकच वाक्य. मग हसू दाबत मागे सरली. तरुण इन्स्पेक्टरनं मान वळवली नाही. कॅमेरा चालू होता.

"काय म्हणाल्या त्या?" रेकॉर्डिस्टनं विचारलं. "तिथं आम्ही नुसता गलबला भरणार होतो."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"टोपी वाकडी आहे, असं म्हणत असेल," ते म्हणाले.

"नाही सर. 'प' म्हणताना ओठ मिटतात. त्यांचे एकदाही मिटले नाहीत."

सात वेळा बघितलं. काही कळेना. ते वाक्य तिला ठाऊक होतं आणि ऐकलं असेल तर त्यांनी. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण त्या क्षणी ते मनात आपलं वाक्य घोळवत होते. चार शब्दांचं. ते मात्र अजून तोंडपाठ होतं.

त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. स्टँडवर ठेवायला गेले, तर ते खाली पडले. उचलले नाहीत. सगळी खुर्चीच फिरवून ते लेकीकडे वळले.

"तू होतीस ना तिच्याजवळ," ते म्हणाले. वाक्य पहिल्यांदाच अडखळलं. "शेवटी... शेवटी ती काय म्हणाली गं?"

लेक आपली खुर्ची ओढत इतकी जवळ आली, की दोघांचे गुडघे टेकले.

"तुमच्यासाठी निरोप ठेवलाय तिनं, बाबा," ती म्हणाली. "पण मला बजावलं होतं, त्यांनी आपणहून विचारलं, तरच सांग."