बोटाच्या कडेला

मधोमध नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं, असं म्हणत सिस्टरनं तिच्या बोटाला सुई टोचलीसुद्धा. तिला दुखलं नाही. गेल्या दीड वर्षात तिला फारसं काही दुखतच नव्हतं. पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तेव्हाही ती नुसतं बरं म्हणाली होती.

मागचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. का, ते कुणी धड सांगितलं नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलला. सासूबाई म्हणाल्या, दुकानात रंगाचे डबे उचलत होती ना, तेच भोवलं. नवरा काही म्हणाला नाही, पण तेव्हापासून घरातली भरलेली बादली तोच उचलायला लागला. तिनंही मानून टाकलं. आईनं तेवढा पाठीवरून हात फिरवला. तुझा काही दोष नाही गं माऊ, नशीब, म्हणाली. आजही सोबत आईच आली होती.

सिस्टरनं यंत्रावरचा आकडा पाहिला. जरा जास्त आहे, म्हणाली. मग नव्या कागदावर लिहिता लिहिता तिला विचारलं, आईवडिलांपैकी कुणाला शुगर?

"छे हो, आमच्यात कुणालाच नाही," आईनं झटकन सांगून टाकलं.

सिस्टरनं तसं लिहिलं आणि जुनी फाइल काढून शेजारी ठेवली. तेव्हाही नाहीच लिहिलंय, म्हणाली, म्हणून सुरुवातीला शुगर तपासली नसेल. शुगर वाढलेली कळली नाही तर बाळाला धोका असतो, अगदी शेवटच्या महिन्यांतही. घरात कुणाला असेल तर मोठी तपासणी आजच करून घेतो. नसेल तर बघू पुढे. एकीकडे ती सुया आवरत होती.

आईनं कापूस घेतला आणि लेकीचं बोट दाबून धरलं. लेक त्या हाताकडे बघत राहिली. आईच्या बोटांवर बारीक काळे ठिपके होते. लहानपणापासून ओळखीचे. आई कपडे शिवायची, सुई टोचायचीच. माझ्या बोटांची पार चाळणी झालीय, असं ती हसून सांगायची. पण मशीन विकून चार वर्षं झाली होती. आणि हे ठिपके बोटांच्या टोकाला नव्हते, कडेला होते. एक अजून लाल होता.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

आईनं हात मागे घेऊन पर्सखाली ठेवला. हळूच म्हणाली, तुझं लग्न ठरायच्या आधीपासून. लोकांना कळलं असतं तर उद्या पोरीलाही होईल म्हणून नकार आले असते. मग सांगायचं राहूनच गेलं.

तिनं खरं तर ओरडायला हवं होतं. ओरडावंसं वाटलं नाही. डोळ्यांसमोर फक्त रंगाचे डबे आले, एकावर एक रचलेले, बिचारे.

"सिस्टर, ते 'नाही' खोडा."

सिस्टरनं पेनचं टोपण काढलं. टेबलावर दोन कागद होते, नवा आणि जुना.

"कुठल्या कागदावरचं?"

लेक काही बोलायच्या आत आई म्हणाली, "दोन्हींवरचं."