लांबचा चष्मा

"चष्मा?" बायकोने हात पुढे केला.

नवऱ्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे, मग पुन्हा शर्टाचा. बोट बेटापाशी येऊन थांबली होती. सहलीतली सगळी मंडळी दुर्बिणी डोळ्यांना लावून एकाच बाजूला जमली होती आणि बोट बिचारी त्या बाजूला कलली होती.

"निघताना म्हटलं होतं, टेबलावरचा माझा लांबचा चष्मा घ्या. तुम्ही हं म्हणालात."

आपण हं म्हणालो असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. घरात तो दुसरं काही म्हणतच नसे.

हा गृहस्थ जन्मभर रेडिओवर सामन्यांचं समालोचन करत आला होता. त्याचा आवाज चढला की न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. घरात पाऊल टाकलं की मात्र तोंडात मिठाची गुळणी. बाहेर एवढं बोलता, मग घरातच काय होतं, असं बायकोने एकदा विचारलंही होतं. "ज्यांना दिसत नाही त्यांना सांगायचं असतं," तो म्हणाला होता. "तुला दिसतंय की सगळं. हातच्या काकणाला आरसा कशाला?" घरातलं त्याचं सर्वांत लांब भाषण ते. निवृत्तीनंतर बाहेरचं बोलणंही संपलं आणि तिला फ्रिजच्या घरघरीची सोबत वाटू लागली. शेवटी तिने सांगून टाकलं, बेटावरचे प्राणी बघायची एवढी एक सहल करून येऊ, मग मी ताईकडे जाते. राहायलाच. त्यावरही तो हं म्हणाला.

"मला काही दिसत नाही," ती आता म्हणाली. "नुसते काळे ठिपके. खडक आहेत का ते?"

"सील आहेत."

"काय करतायत?"

गाइडने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. "प्राणी बघायचा असेल तर आपण बघतोय हे त्याला कळू द्यायचं नाही," हे वाक्य तो धक्का सोडल्यापासून सारखं ऐकवत होता.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. चूक आपली, हे त्याला मान्यच होतं. तो तिच्या कानाशी वाकला, घसा साफ केला आणि हलक्या आवाजात सुरू झाला.

"डावीकडे उंच खडक. त्यावर एक थोराड नर पसरलाय. जेवण अंगावर आलेल्या व्याह्यासारखा. खाली माद्या. आणि एक पिल्लू पाण्यातून वर यायला बघतंय. चढलं, चढलं... घसरलं."

"अगं बाई. आणि त्याची आई?"

"आई पाठ करून झोपलीय. पिल्लू पुन्हा आलं. या खेपेला उजवीकडून. मागून लाट येतेय, मोठी आहे, उचलतेय त्याला..."

त्याचा आवाज चढला. शेजारच्या बाईने दुर्बीण खाली घेतली. तिच्या नवऱ्यानेही घेतली. "मग?" असं कोणीतरी विचारलं, तो गाइड होता. समोर सगळं स्वच्छ दिसत असताना बोटीतली सगळी माणसं बेटाकडे पाठ करून सील ऐकू लागली. पिल्लू खडकावर पोचलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आवाजाने व्याह्यासकट अख्खा कळप पाण्यात उड्या मारून पसार झाला.

परतीच्या वाटेवरही त्याचं तोंड थांबलं नाही. पाण्याचा रंग कसा बदलतोय, बोट लागून कोणाचा चेहरा टोपीपेक्षा हिरवा झालाय, सगळं त्याने तिला सांगितलं. तिचे केस वाऱ्यावर कसे उडतायत, हेही सांगितलं. तेवढं तर तिला चष्मा असूनही दिसलं नसतं.

घरी आल्यावर मात्र ये रे माझ्या मागल्या. सकाळी तिने सहलीच्याच बॅगेत आणखी चार कपडे कोंबले. तो पेपर वाचत होता, म्हणजे त्यात तोंड खुपसून बसला होता. जाऊ नकोस, हे शब्द त्याच्या जिभेवर होते. पण आपल्याला काय वाटतंय ते हिला दिसत असेलच की, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"येते मी," ती म्हणाली.

निदान चष्मा तरी द्यावा म्हणून तो उठला. टेबलावर चष्मा नव्हता. टेबलाखालीही नव्हता. दाराशी नेऊन ठेवावी म्हणून त्याने तिची बॅग उचलली, तर बाजूच्या कप्प्यातून रुमाल लोंबत होता. तो आत सारताना हाताला काहीतरी कडक लागलं. रुमालात चष्मा होता.

"हा तुझ्याकडेच होता?"

"हो."

"बोटीतसुद्धा?"

"बोटीतसुद्धा."

"अगं, मग लावला का नाहीस? एवढ्या लांब गेलो आणि तू काहीच बघितलं नाहीस."

"बघितलं की. गाइड सांगतच होता ना, बघायचं असेल तर त्याला कळू द्यायचं नाही."

 त्याने चष्मा घडी करून स्वतःच्या खिशात टाकला, खिडकीपाशी गेला आणि घसा साफ केला.

"समोरच्या गच्चीवर एक माणूस आलाय. हातात ओली चादर. वारा जोरात आहे. चादर दोरीवर पडायच्या ऐवजी त्याच्याच डोक्यावर... गुरफटला, पार गुरफटला." तो थांबला. आवाज खाली आला. "आणि इकडे खिडकीत एक म्हातारा उभा आहे. बायकोने जाऊ नये असं त्याला फार वाटतंय."

ती चप्पल काढून खुर्चीत बसली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही."